रविवार, दोन ते तीन

"हे बघा सिस्टर, पान एकशे बारा. तुमचंच आहे!" डॉक्टर लम्लींनी पुस्तक उघडून सिस्टर ऑग्डेनच्या मांडीवर ठेवलं आणि टाळ्या पडल्या.

हॅदरबेक गावच्या वाचनालयात त्या दुपारी साठ-सत्तर माणसं जमली होती. आमच्या इस्पितळाला दीडशे वर्षं झाली म्हणून लम्लींनी निवृत्तीनंतरची सहा वर्षं खर्ची घालून त्याचा इतिहास लिहिला होता, त्याचंच हे प्रकाशन. कुठला सर्जन कुणाचा जावई, कुठल्या मेट्रननं कुणाला झापलं, सगळं त्यात होतं. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार होतो. आज मानाची खुर्ची सिस्टर ऑग्डेनना. वय सत्त्याऐंशी. तीस वर्षं मुलांचा वॉर्ड त्यांच्या ताब्यात होता, आणि भलेभले सर्जनसुद्धा दाराशी बूट पुसूनच आत पाऊल टाकायचे.

"विचारा की काहीतरी," लम्ली म्हणाले. "सिस्टर आता चावत नाहीत."

हशा पिकला. तो ओसरायच्या आत मधल्या रांगेतून एक साठीच्या बाई उठल्या. उठताना त्यांनी पुढच्या खुर्चीचा आधार घेतला.

"मी ब्रेंडा क्लेग. सत्तावन्न साली तुमच्या वॉर्डात होते. पाच वर्षांची. गुडघ्याच्या हाडात पू झाला होता. अकरा आठवडे काढले तिथं."

"अरे वा! म्हणजे आमचंच लेकरू!" लम्ली खुलले.

"तेव्हा आईबापांना फक्त रविवारी आत सोडायचे. दोन ते तीन."

"सगळ्या इंग्लंडात तोच नियम होता हो."

"ते माहितीये मला. माझी आई पहिल्या रविवारी आली आणि मग आलीच नाही. बाकीच्यांच्या आया यायच्या, केक आणायच्या. मी दाराकडे बघत बसायचे. मोठी झाल्यावर तिला विचारलं, तर म्हणायची, दर रविवारी येत होते गं, त्यांनी आत नाही सोडलं. मी म्हणायचे, थापा नको मारूस. सगळ्यांना सोडलं आणि नेमकं तुलाच नाही?" ब्रेंडाबाईंचा आवाज चिरकला. "मला मुलगी झाली तेव्हा ती बघायला आली, तर मी तोंडावर म्हटलं, हिला मी कधी टाकणार नाही. गेल्या मार्चमध्ये आई गेली. मला एवढंच विचारायचंय, सिस्टर. ती येत होती का?"

लम्लींनी घसा खाकरला.

"अहो, पंचावन्न वर्षं झाली. हजारो मुलं आली आणि गेली. सिस्टरना कसं आठवणार?"

सुटायला वाट त्यांनी करून दिली होती. सिस्टरनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. लोक चहाकडे वळले असते.

पण त्यांना आठवत होतं. पहिल्या रविवारी आई निघून गेल्यावर ही पोर दोन तास किंचाळत होती. तिच्या मागून अख्खा वॉर्ड रडला. भेटीनं मुलं बिथरतात, ताप चढतो, असं सिस्टरना शिकवलेलं आणि त्यांनी ते मनापासून मानलेलं. पुढच्या रविवारी त्यांनी त्या आईला दारातच थोपवलं. तीन आठवड्यांत पोरीचं रडणं थांबलं. बोलणंही जवळजवळ थांबलं. तिकडं मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. गप्प मूल म्हणजे बरं होत आलेलं मूल, हे तेव्हा डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे धरून चालायचे.

सिस्टरना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या लोकांसमोर कानापर्यंत लाल होऊन त्या पुस्तकाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते मिटलं.

"येत होती," त्या म्हणाल्या. "एकही रविवार चुकवला नाही तिनं. मीच आत सोडलं नाही. तू फार रडायचीस म्हणून. दाराच्या काचेतून बघायची ती. तुला दिसणार नाही अशी, एका बाजूला. कुठं उभं राहायचं ते मीच दाखवलं होतं."

"तासभर?"

"पूर्ण तास. मग बस पकडायला जायची."

ब्रेंडाबाई मटकन खाली बसल्या. बाजूच्या बाईनं पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला.

"मी रोज विचारत होते तुम्हाला," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आई कधी येणार, आई कधी येणार. कपडे बदलतानासुद्धा."

"हो. विचारायचीस."

"ती काही बोलायची का? जाताना?"

सिस्टरनी लम्लींकडे पाहिलं. लम्ली खिडकीबाहेर बघत होते.

"एकच विचारायची. दर रविवारी तेच. 'माझी आठवण काढते का?'"

"मग? तुम्ही काय सांगायचात?"

"तिला बरं वाटावं म्हणून..."

"काय सांगायचात, सिस्टर?"

सिस्टर ऑग्डेन अगदी हळू बोलल्या. मागच्या रांगेतल्या लोकांना ऐकायला पुढं वाकावं लागलं.

"सांगायचे, नाही काढत. छान रमलीय."