चार लवंगांची बरणी

"झाकण लाल आहे," साहेब म्हणाले. "नियमात पांढरं लिहिलंय. जप्त."

काटेवाल्याने पावती फाडली. खिडकीबाहेर मावशी पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या.

"बरं साहेब," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी पांढरं लावून आणते."

सीमेवरच्या त्या नाक्यावर काटेवाल्याचं काम सोपं होतं. पलीकडून येणारा खायचा माल तोलायचा आणि आकडा साहेबांना सांगायचा. अडवायचं काम साहेबांचं, आणि ते अगदी मन लावून करायचे. मागच्या महिन्यात त्यांनी ट्रकभर अंडी परत पाठवली. अंड्यांवर तारीख होती, पण कोंबडीची सही नव्हती, असं तो ड्रायव्हर अजून सगळ्यांना सांगत फिरतो.

नियम नाक्यावरच्या लोकांनाही होतेच. दर वर्षी प्रत्येकाने लिहून द्यायचं, 'सीमेपलीकडे माझं कोणी नाही.' तिकडे कोणी निघालं, तर त्याच दिवशी नोकरी गेली. काटेवाल्याची एक मेहुणी पलीकडे होती, पण तिला त्याने आपलं कधी मानलंच नव्हतं, त्यामुळे तो बेधडक सही करायचा. साहेब तर कागद न वाचताच सही ठोकायचे.

मावशी दर गुरुवारी सकाळच्या बसने यायच्या. अंजिराच्या जॅमची एकच बरणी, आणि ती दर वेळी जप्त. कधी लेबल तिरकं, कधी शाई निळी. एकदा तर साहेबांनी चमचाभर चाखून कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'साखर जास्त.' मावशींनी पुढच्या वेळी साखर कमी केली. मग झाकण ढिलं निघालं.

"एवढी खटपट कोणासाठी, मावशी?" काटेवाल्याने एकदा विचारलं.

"मुलासाठी. इकडेच नोकरीला आहे. त्यात चार लवंगा नसल्या, तर तोंड लावायचा नाही. लहानपणापासून तसाच हट्टी."

"मग त्यालाच पाठवा ना तुमच्याकडे. पोटभर खाईल."

"नऊ वर्षं झाली, घरी आला नाही." मावशी हसल्या. "चालायचंच. तू तोल."

जप्त झालेला बाकीचा माल मागच्या खड्ड्यात चुना टाकून पुरायचे. जॅम मात्र साहेब आपल्या खोलीत न्यायचे. "खड्ड्यात टाकला की मुंग्या लागतात," म्हणायचे. संध्याकाळी टेबलावर पावाचा चुरा आणि धुतलेली बरणी. काच मालकाला परत द्यायची, हाही नियमच. पुढच्या गुरुवारी मावशी ती रिकामी बरणी उजेडात धरून बघायच्या, निगुतीने पिशवीत ठेवायच्या. ते बघून काटेवाला मान फिरवायचा.

त्याची स्वतःची आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या हातची चव आता जिभेला आठवत नव्हती. अशी काही चव होती, एवढंच आठवायचं. इथे एका पोराची आई धडधाकट आहे, बरणी भरून आणते, आणि हा हावरट माणूस पोराच्या तोंडचा घास गिळतोय!

त्याने वरच्या कार्यालयात अर्ज केला. तो परत आला, कारण पुरावा म्हणून त्याने कागदाला जॅम लावला होता आणि पाकीट उघडेना. दुसरा परत आला, कारण तो जॅमच्या विभागाऐवजी मधाच्या विभागात गेला. तिसरा मात्र कोणीतरी वाचला असावा. पावसाळा संपता संपता परिपत्रक आलं. घरगुती जॅम पाव किलोपर्यंत असेल, तर तपासणी नाही. काटेवाल्याने तोलायचा आणि थेट टपालाच्या गाडीत टाकायचा.

त्या गुरुवारी काटेवाला बस यायच्या आधीपासून खिडकीत उभा होता.

"मावशी, ठेवा बरणी काट्यावर!" त्याने काटा आधी नुसत्या बरणीच्या वजनावर लावून ठेवला होता. जॅम भरला बरोबर अडीचशे ग्रॅम. "झालं! आता कोणी अडवायचं नाही. पत्ता सांगा, संध्याकाळपर्यंत तुमच्या पोराच्या हातात."

मावशींचा चेहरा पडला. "आणि साहेब?"

"साहेबांनी आता बोटसुद्धा लावायचं नाही!"

"पुढच्या गुरुवारीही?"

"कायमचं, मावशी! उलट तुम्हाला इथपर्यंत यायचीही गरज नाही. तिकडूनच टपालात टाका."

मागे दार वाजलं. साहेब उंबऱ्यात उभे होते. काटेवाल्याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"पत्ता सांगा ना, गाडी निघेल."

मावशींनी पिशवीत हात घातला. बसमध्ये खायला ठेवलेलं एक अंजीर काढलं, झाकण उघडलं आणि ते जॅममध्ये दाबून बसवलं. काटा हलला. दोनशे सत्तर.

"अहो, काय करताय? आता पाव किलोच्या वर गेलं!"

"गेलं का?" मावशी म्हणाल्या. "मग साहेबांनाच बघावं लागेल."

साहेब पुढे आले. आकड्याकडे बघितलं.

"जप्त," ते म्हणाले. आणि बरणी दोन्ही हातांनी उचलली.

"बरं साहेब," म्हणत मावशी वळल्या आणि बसकडे चालू लागल्या. चाल मात्र मघापेक्षा हलकी होती. काटेवाल्याने कपाळावर हात मारला. म्हातारीला भ्रमच झाला असणार, दुसरं काय!

रागारागाने पावती फाडून तो सहीसाठी आतल्या खोलीत गेला. साहेब खिडकीशी पाठमोरे उभे होते. एका हातात उघडी बरणी, दुसऱ्यात चमचा. बाहेर बस वळण घेत होती, आणि ते तिच्याकडे टक लावून बघत होते. काटेवाला आलेला त्यांना कळलंच नाही.

"आज लवंगच नाही," साहेब स्वतःशीच म्हणाले. "आई विसरायला लागली."