खुणा केलेली पानं

रायपूरहून दुर्गला जाणाऱ्या लोकलमध्ये सिंधुताईंना खिडकी मिळाली नाही, पण समोर मराठी पुस्तक वाचणारी बाई बसलेली दिसली. तेवढ्यावरच त्या खूश झाल्या.

"हा तर आपला सुशील!" मुखपृष्ठावरचा हसरा चेहरा पाहून त्या म्हणाल्या. "सेक्टर दोनमधे आमच्याच लाइनीत राहे. लग्नाले काही बोलावलं नाही त्यानं, पण आता टीव्हीवर लोकायले हसवून राहिला. सोताची कहाणी लिहिली का?"

"हो, काकू," ती म्हणाली. तिचं नाव गीतांजली. हातात पेन्सिल होती.

"मले बारीक अक्षर दिसत नाही. थोडंसं वाचून दाखव ना."

गीतांजलीनं वाचायला घेतलं. पाहुणे यायच्या आधी सुशीलनं बायकोचा चष्मा लपवला. तिनं चहात साखर म्हणून मीठ घातलं. मग सगळ्यांसमोर सहाही कप तिलाच प्यायला लावले. सिंधुताई पोट धरून हसल्या.

पुढे, डबा उशिरा झाला म्हणून त्यानं तिला डिसेंबरात गच्चीवर कोंडलं. 'दोन तासांनी दार उघडलं, तर तिचे दात तबला वाजवत होते. मी वाहवा म्हणालो!'

आता शेजारचे दोघंही हसले. गीतांजली एका सुरात वाचत होती. वाचून झालं की ओळीखाली रेघ ओढत होती.

"खुणा कावून करून राहिली?"

"मग शोधायला वेळ लागत नाही."

"परीक्षा हाय का काही?"

"तसंच समजा."

"बायको भोळी असन त्याची," सिंधुताई डोळे पुसत म्हणाल्या. "पण नशीबवान! घरात रोज हसणं."

गीतांजलीनं पान उलटलं.

सिंधुताईंना दुर्गच्या कोर्टात नावदुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं. गीतांजलीही तिकडेच निघालेली. दोघी एकाच ऑटोत बसल्या.

कोर्टाच्या व्हरांड्यात एक वकील घाईघाईनं पुढे आले. सिंधुताई शेजारीच थांबल्या.

"गीतांजलीबाई, तुमच्या नवऱ्याचं लेखी उत्तर आलंय. छळ वगैरे काही झालाच नाही, सगळं तुम्ही रचलंय म्हणतो. बंद घरात काय घडलं ते सांगणारा एक तरी साक्षीदार मिळाला का?"

"मिळाला," असं म्हणून गीतांजलीनं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. "माझा नवराच."