ओहोटी

भोपाळात तळी पुष्कळ, समुद्र नाही. तरी पिपलानीत राहणाऱ्या ऋतुजानं दूरच्या एका बंदराच्या धक्क्याची भिंत आखली होती. त्या भिंतीत भोकं ठेवण्यावरून ऑफिसात रणकंदन माजलं होतं.

"भोकं पाडून भिंत कमजोर करता?" साहेब कडाडले होते.

"सर, ओहोटीला समुद्र मागे सरतो, पण भिंतीमागच्या मातीच्या भरावातलं पाणी अडकून राहतं. त्याला वाट दिली नाही, तर ते भिंतच लोटेल." ऋतुजा हटली नव्हती.

आज पहिली मोठी ओहोटी होती. भर दुपारी साइटवरून समीरचा फोन आला.

"मॅडम, भिंत जागची हलली नाही! सगळ्या भोकांतून पाणी सुटलंय!"

फोनमधून टाळ्या ऐकू येत होत्या. सासूबाईंनी कौतुकानं घरातल्या शोकेसवरच्या, त्याच भिंतीच्या प्लास्टरच्या मॉडेलला कुंकू लावलं. "जिंकलीस गं पोरी!"

कुंकू ओघळलं.

वर्षभर कोरड्याठाक उभ्या असलेल्या त्या मॉडेलच्या भोकाभोकांतून बारीक धार लागली होती. ऋतुजानं धारेखाली बोट धरून जिभेला लावलं. खारट! मॉडेलची भिंत मात्र केसभरही हलली नव्हती. तिला हसू आवरेना.

"बघा आई, अगदी म्हटलं होतं तस्संच!"

सासूबाई फडकं घेऊन आल्या आणि पुसता पुसता थांबल्या. खोलीच्या चारही भिंतींवर, त्यांच्या डोक्याच्याही वर, पाण्याची एक सरळ, ओली रेघ उमटली होती.

"ऋतुजा," त्या हळूच म्हणाल्या, "आणि भरती कधी असते गं?"