खर्जवाली

“पुरुष कुठे लपवलाय?”

विश्वस्त बाल्दिसेरा सरकार आल्या आल्या गरजले. अनाथाश्रमातल्या गाणाऱ्या बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. सरकारांनी कपाटं उघडवली, ऑर्गनच्या मागे दिवा धरायला लावला, पडद्यांत काठी खुपसून पाहिली. सापडलं काय, तर एक मांजर आणि कुणाचा तरी हरवलेला मोजा.

कुणा परदेशी पाहुण्यानं कॉफीच्या दुकानात पैज मारली होती, की देवळाच्या सज्ज्यात जाळीआड गाणाऱ्या अनाथ पोरींच्या घोळक्यात एक बाप्या दडवलाय. एवढा खोल आवाज बाईचा असेलच कसा? सकाळपर्यंत अख्ख्या व्हेनिसभर तेच.

“तो बाप्या मीच, सरकार,” कमरेवर हात ठेवून ओर्सोला पुढे आली. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्याच्या पांढऱ्या टापशीतून केस निसटलेले. “नीट बघून घ्या. मिशा येतायत थोड्या, पण ते वयामुळे.”

पोरी खुदकन हसल्या. सरकारांना काही बोलायचं होतं, पण त्यांना खोकल्याची उबळ आली. नोव्हेंबरच्या धुक्यानं त्यांचं पडसं छातीत उतरलं होतं.

“अहो, अजून गायलेच नाही मी. आत्तापासून कशाला खोकताय?”

आता मात्र पोरींना हसू आवरेना. देवळात टाळ्या वाजवायची बंदी, म्हणून गाणं आवडलं की व्हेनिसचे लोक खोकतात, नाकं शिंकरतात, खुर्च्या घासतात. तीच तिथली दाद.

“ओर्सोला, जिभेला आवर घाल!” गायिकांची प्रमुख म्हातारी मेनेगा दटावून म्हणाली. “सरकारांना गाऊन दाखव.”

ओर्सोला गायली. एकच ओळ, पण अगदी खालच्या सुरातली. सरकारांच्या हातातल्या दिव्याची काच थरथरली. त्यांनी दिवा तिच्या चेहऱ्याशी नेला, गळ्याकडे पाहिलं, मग मान हलवली.

“पटलं. बाईच आहे.”

“देव पावला!” मेनेगा म्हणाली.

“पण लोकांना कसं पटायचं?”

“त्यांना दाखवा मला. जाळीचा पडदा सारला की झालं.”

“आश्रमाच्या मुली लोकांना दाखवायच्या? छे! अब्रूचा प्रश्न आहे,” सरकार म्हणाले. “आजपासून तू गायचं नाहीस. तुझ्या जागी खालच्या सुरांचं ते मोठं तंतुवाद्य, व्हायोलोन, वाजू दे. उद्यापासून तू लेस विणायला बैस.”

ओर्सोलाच्या अंगाचा तिळपापड झाला. बाई आहे हे पटलं, आणि पटलं तरी शिक्षा बाईलाच! खोटं बोलला तो पाहुणा, तो बसलाय तिकडे कॉफी भुरकत.

“सरकार, दाराशी टाकून दिलेलं पोर मी. आईबापांनी नावसुद्धा ठेवलं नाही. इथे जिला जे येतं तेच तिचं आडनाव. मी खर्जवाली ओर्सोला. खर्ज काढून घेतलात तर माझं राहिलं काय?”

“लेसवाली ओर्सोला,” सरकार म्हणाले. त्यांना तो विनोद वाटला.

“आणि संध्याकाळी गायचं ते स्तोत्र कोणाचं? येशूच्या आईचं, मरियेचं. ती काय पुरुष होती?”

“तोंड मिटून उभी राहा,” असं बजावून सरकार खोकत खोकत जिना उतरले.

संध्याकाळी देऊळ खच्चून भरलं. सणाचा दिवस, त्यात ही बातमी. पुरुषाचा आवाज ऐकायला लोकांनी चढ्या भावानं खुर्च्या घेतल्या होत्या. पहिल्या रांगेत मधोमध सरकार, गळ्याला लोकरी पट्टा गुंडाळून. वर सज्ज्यात, जाळीच्या आणि काळ्या पडद्याच्या आड बायका उभ्या. ओर्सोला मागे, ओठ घट्ट मिटून. केसांत मात्र तिनं रोजच्यासारखं डाळिंबाचं कागदी फूल खोवलं होतं.

मरियेचं स्तोत्र सुरू झालं. वरच्या सुरांच्या ओळी झाल्या, मधल्या झाल्या, आणि खर्जाची ओळ आली. व्हायोलोनवाल्या पोरीनं गज उचलला.

म्हाताऱ्या मेनेगानं तिच्या मनगटावर हात ठेवला. ओर्सोलाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

ओर्सोलाला तेवढं पुरे होतं. पोरींना बाजूला सारत ती जाळीशी गेली, मुठीत धरून पडदा ओढला, आणि दिव्यांच्या उजेडात तोंड जाळीला लावून स्तोत्राची ती ओळ गायली: बलाढ्यांना देवानं आसनावरून खाली ओढलं. दीनांना त्यानं वर उचललं.

खाली सगळ्यांच्या माना वर झाल्या. सुरकुतलेला बाईचा चेहरा, डाळिंबाचं फूल, आणि त्यातून निघणारा तो आवाज.

मग मागून एक खोकला आला. लगेच दुसरा. मग नाकं, खुर्च्या, जोडे, सगळ्या देवळात एकच गलका उठला.

सरकार तेवढे ताठ बसले होते. ते खोकणार नव्हते. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला, नाक दाबलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, मान लालबुंद झाली. शेजारची उमराव बाई त्यांच्याकडे कौतुकानं पाहत होती.

आणि शेवटी त्यांना आवरलं नाही. रुमाल उडाला. कमरेत वाकून, गुडघे धरून ते खोकत सुटले. बाकी देऊळ शांत झालं तरी खोकतच राहिले.

“बघा,” ती बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “आमच्या सरकारांना गाण्याची केवढी कदर!”