शेवटचं प्रकरण

विरेशच्या कादंबरीतली बाई केव्हाच मरायला हवी होती. आराखड्यात तसंच होतं. अंथरुणाला खिळलेली बायको मरते, नवरा मोकळा होतो आणि पुस्तक संपतं. प्रकाशकालाही त्यानं तेच सांगून ठेवलं होतं. पण दर खर्ड्यात ती जगत होती. कधी नवं औषध लागू पडायचं, कधी माहेरचं माणूस भेटायला यायचं, आणि मरण पुढच्या प्रकरणावर जायचं.

भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत त्याच्या लिखाणाला श्रोता एकच, श्रीदेवी, त्याची बायको. जिन्यावरून पडली तेव्हापासून कमरेखाली तिची हालचाल बंद झाली होती. शाळेतून शिकवून आला की विरेश तिला पुसून काढायचा, भरवायचा आणि मग लिहिलेलं वाचून दाखवायचा. शेजारच्या कारखान्यातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात त्याला आवाज चढवावा लागे.

त्या दुपारी वाचून झाल्यावर ती छताकडं बघत म्हणाली, "वाचलीच की ती बाई परत."

लिहिण्याच्या ओघात तसं झालं, असं काहीतरी तो बोलला. पात्रं कधी कधी लेखकाचं ऐकत नाहीत, असंही म्हणाला. श्रीदेवीनं ते मनावर घेतलं नाही. ही बाई आता नुसती जागा अडवून पडली आहे, कथानक हलत नाही ते हिच्यामुळं, असं तिनं स्पष्टच सांगितलं. ऐकणाऱ्याला कळतं, तर लिहिणाऱ्याला कसं कळत नाही?

"मारा की तिला."

विरेश उगाच कागद जुळवत बसला. "लिहवत नाही," तो अखेर म्हणाला.

"मग तिच्या नवऱ्याला तरी निघून जाऊ द्या."

हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं असं नाही. कागदावर उतरवायची छाती झाली नव्हती. तिच्याच पलंगाच्या कडेला बसून त्यानं लिहायला घेतलं, आणि हात थांबेना. कादंबरीतल्या नवऱ्यानं पिशवी भरली. पाण्याचा तांब्या बायकोच्या हाताशी ठेवला, शेजारणीला सांगितलं आणि थेट स्टेशन गाठलं. गाडी हलली तसे विरेशचे खांदे सैल पडले. ते लक्षात आलं तेव्हा तो चरकला. त्यानं श्रीदेवीकडं पाहिलं. ती त्याच्या खांद्यांकडंच बघत होती.

त्यानं वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"निघताना दार लावलं का त्यानं?"

विरेशनं कागदावर शोधलं. "नुसतं लोटून घेतलं."

"मग तो जायचा न्हाय," ती म्हणाली. "परत लिवा."

त्यानं पेन उचललं. पण तिची कूस बदलायची वेळ झाली होती. कागद तिच्या उशाशी ठेवून तो उठला.