चाचणी तुकडी

"मग सर्वानुमते मंजूर?" अध्यक्ष डॉ. लोटलीकरांनी विचारलं.

"माझी हरकत आहे," प्रा. केळसकर म्हणाल्या.

अभ्यास मंडळाच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने उसासा टाकला. यंत्र, पाणी आणि आरोग्य या शाखा एकत्र आणणारा नवा एम.टेक. अभ्यासक्रम सकाळपासून अडला होता, आणि अडवणाऱ्या एकट्या केळसकर होत्या.

समोरच्या पडद्यावर चाचणी तुकडी बसली होती. संगणकाने घडवलेली ही मुलं अभ्यासक्रमाची दोन वर्षं तासाभरात जगून दाखवत. हरकत आली, की त्यांना आणखी दोन वर्षं मिळत. मंजुरी मिळाली, की ती पुसली जात. हे त्यांना कुणी सांगत नसे. पण दुपारी तुकडीतल्या सुकृताने केळसकरांना विचारलं होतं, "मॅडम, निकाल लागल्यावर आम्ही कुठे जायचं?"

"हरकत काय आहे ते तरी सांगा!" लोटलीकरांचा आवाज चढला.

केळसकरांनी उगाच कागद चाळले. सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. "प्रात्यक्षिकं... कमी पडतात."

"मघाशी जास्त होतात म्हणालात!"

लोटलीकरांचं बोट मंजुरीच्या बटणावर गेलं आणि सवयीने त्यांनी पडद्याकडे पाहिलं. सुकृता वहीतून मान वर करून त्यांच्याकडेच बघत होती. लिहिता लिहिता तिचा हात थांबला होता.

बोट बटणावरून मागे आलं.

"प्रात्यक्षिकं वाढवा. तुकडी पुन्हा पहिल्या सत्राला बसवा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग केळसकरांकडे झुकून पुटपुटले, "तुम्ही चहा घ्या, मॅडम. पुढची हरकत माझी."