दाराच्या आत

“नातेवाईक बाहेर,” असं म्हणत सिस्टरने दार लोटलं. दार पूर्ण लागलं नाही. मध्ये पेशंटच्या मुलीचा पाय होता.

“ताई, पाय काढा.”

“नाही काढणार.”

आत एक ब्रदर बाबांच्या छातीवर दाब देत होता आणि मोठ्याने मोजत होता. तिने त्याचे हात पाहिले. कोपरं ताठ होती. बरोबर देत होता. ती पोहण्याच्या तलावावर शिकवायची. बुडालेल्या माणसाला बाहेर काढलं की पुढे काय करायचं, हे सतरा वर्षं दर उन्हाळ्यात रबरी पुतळ्यावर करून दाखवत आली होती. खऱ्या माणसावर तिने ते आज दुपारी पहिल्यांदा केलं. जेवणाच्या टेबलाशेजारी, फरशीवर.

मागून भावाने तिचा दंड धरला.

“शिट्टी, चल. त्यांचं काम त्यांना करू दे. हा तुझा तलाव नाही.”

घरात सगळे तिला शिट्टीच म्हणत. धाकटा भाऊ तर भांडताना हमखास.

“तू बस बाहेर. आपलं कोणीतरी आत हवं.”

“कशाला?”

“यांनी लवकर थांबू नये म्हणून.”

भावाने दंड सोडला. त्याचा चेहरा पडला. तिला त्याला टोचायचं नव्हतं, पण शब्द तोंडातून गेला होता. घरी, अँब्युलन्स यायच्या आधी, बाबांनी एकदा आ करून मोठ्याने हवा ओढली होती. भाऊ ओरडला होता, “थांब, थांब, श्वास घेतायत!” आणि ती थांबली होती. अशी ओढलेली हवा म्हणजे श्वास नव्हे, हे ती प्रत्येक वर्गाला पहिल्याच दिवशी सांगायची. तरी थांबली. अर्धं मिनिट दोघं बहीणभाऊ बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग तिने पुन्हा हात ठेवले.

डॉक्टर दारापाशी आल्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला.

“तुम्हाला बघवणार नाही. यात बरगड्या मोडतात.”

“दोन मोडल्यात. माझ्या हाताखाली.”

डॉक्टरांनी तिच्या मनगटांकडे पाहिलं. दोन्ही सुजली होती.

“मध्ये यायचं नाही. चक्कर आली तर मुकाट्याने खाली बसायचं. तुम्हाला उचलायला माझ्याकडे माणूस नाही.”

“येणार नाही चक्कर.”

“सिस्टर, यांना पायांकडे उभं करा.”

ती पायांकडे उभी राहिली. बाबांच्या एकाच पायात मोजा होता. तिने दुसरा, उघडा पाय हातात धरला आणि सोडला नाही. दर दोन मिनिटांनी ब्रदर बदलत होते. क्षणभर सगळे हात वर घेत, मॉनिटरच्या पडद्याकडे बघत, आणि पुन्हा सुरू. इंजेक्शन. पुन्हा मोजणं. एकदा तिला राहवलं नाही.

“हात खाली सरकलेत. थोडे वर घ्या.”

ब्रदरने रागाने वर पाहिलं. मग हात वर घेतले.

“यांना आपल्याकडेच नोकरीला ठेवा,” सिस्टर पुटपुटली. पण मुलीकडे एक स्टूलही सरकवलं. ती बसली नाही.

चाळीस मिनिटं झाली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “मला वाटतं, आता थांबावं. कोणाची हरकत?”

त्या खोलीची ही रीत होती. डॉक्टरांनी एकट्याने थांबवायचं नाही. खोलीत जितके असतील तितक्यांना विचारायचं. सिस्टरने नकारार्थी मान हलवली. बाजूला उभा असलेला ब्रदर “नाही” म्हणाला. दाब देणारा मोजता मोजता “नाही” म्हणाला आणि मोजत राहिला. मग डॉक्टर तिच्याकडे वळल्या.

“निर्णय माझा आहे. पण तुम्हीही खोलीत आहात. काही विचारायचं आहे?”

ती इतका वेळ ज्यासाठी उभी होती, ते म्हणायची हीच वेळ होती. थांबू नका. तिने तोंड उघडलं आणि दुसरंच विचारलं.

“घरी आम्ही अर्धं मिनिट थांबलो होतो. श्वास घेतायत असं वाटलं म्हणून. त्यामुळे झालं का हे?”

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही.

“सांगता येत नाही. असेल, नसेलही. हे कधीच कोणाला कळणार नाही.”

ब्रदर अजून दाब देत होता. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिचं उत्तर येईपर्यंत तो थांबणार नव्हता, आणि कोणी तिला घाई करत नव्हतं. जे करता येण्यासारखं होतं, ते सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

“माझी हरकत नाही,” ती म्हणाली. “थांबा.”

ब्रदरने हात उचलले. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघून वेळ सांगितली. सिस्टरने यंत्राचा आवाज बंद केला. हातात धरलेल्या पायावर तिने चादर ओढली, कड नीट खोचली, आणि स्वतःच दार उघडलं.

भाऊ बाकावरून उठला. तिचा चेहरा बघून त्याला कळलं. मग त्याने तिची बाही मुठीत धरली.

“ताई,” तो म्हणाला. “मी थांब म्हणालो म्हणून ना? त्या अर्ध्या मिनिटामुळे?”

तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “मी आत होते. डॉक्टरांना स्वतः विचारलंय.”